आधी चेंडू, मग शिंक

लाँड्रीत कपडे टाकायला आलेला माणूस काय करतो? कपडे टाकतो, असं तुम्हाला वाटेल. या गावात नाही. या गावात तो आधी काउंटरवर दोन्ही हात टेकवतो, मान मागे नेतो, डोळे गच्च मिटतो आणि ‘आऽऽक्छी!’ करून मोकळा होतो. मग स्वतःच खो खो हसतो आणि विचारतो, “काय शिंकेकाका, शर्ट कधी देताय?”

बरं, प्रत्येकाला वाटतं की हा विनोद आपल्यालाच सुचला. जणू काकांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात आधी कुणी असं केलंच नाही! शेजारचा औषधवाला तर रोज सकाळी शटर वर करता करता ओरडतो, “काका, सर्दीची गोळी देऊ का? आज वारा आहे.” काका इस्त्री खाली आपटतात. इस्त्री आपटली की काकू मागच्या खोलीतून म्हणतात, “जाऊ द्या हो.” हे ‘जाऊ द्या हो’ ऐकलं की काकांच्या डोक्यात जी तिडीक जाते, ती औषधवाल्याच्या गोळीनेही जात नाही.

कारण काय, तर एक शिंक. तीही कधी काळी, एका मैदानात, गवतामुळे आलेली. त्या शिंकेने म्हणे गावातली गोल्फची स्पर्धा बुडवली. एवढी मोठी स्पर्धा, देशोदेशीचे खेळाडू, हॉटेलात जागा नाही, आणि ती बुडाली कशाने? तर लाँड्रीवाल्याच्या नाकाने! काका कपाळावर हात मारून घेतात.

आता झालं होतं काय, ते नीट ऐका. काकांचं कुणी नीट ऐकत नाही, निदान तुम्ही तरी ऐका.

गावात साबणाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या मालकाला गोल्फचं वेड होतं. त्याने कारखान्यामागची पडीक जमीन साफ केली, हिरवळ लावली, अठरा ठिकाणी भोकं पाडून झेंडे रोवले आणि पैसे घेऊन खेळणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंना बोलावून घेतलं. पहिल्या वर्षी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला साबणाची वडी फुकट होती. लोक वडी घ्यायचे, दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. खेळ कुणी बघितलाच नाही. जिंकणाऱ्याला साबणाच्या वडीच्या आकाराचा चांदीचा कप मिळाला, आणि वडीला धरायला कान नसतात, त्यामुळे फोटो काढताना तो त्या बिचाऱ्याच्या हातून दोनदा निसटला.

पण हळूहळू लोकांना गोडी लागली. खेळाडूही मोठमोठे यायला लागले. पुढे मालक थकला, त्याने कारखाना विकला आणि स्पर्धा टायरवाल्यांनी उचलली. कपाचा आकार टायरचा झाला आणि जिंकणारा त्यातून तोंड बाहेर काढून हसायला लागला. टायरवाल्यांनंतर आले सिमेंटवाले. त्यांनी कसला कप दिला असता कोण जाणे, पण त्यांनी एकच वर्ष स्पर्धा घेतली आणि गाशा गुंडाळला. स्पर्धेच्याच आठवड्यात दुसऱ्या देशात याहून श्रीमंत स्पर्धा सुरू झाली होती, बडे खेळाडू तिकडे पळाले होते आणि सिमेंटवाल्यांना या सगळ्यात काडीचा रस नव्हता. स्पर्धा बंद पडली ती अशी. हे काका सगळ्यांना सांगतात. तारखा, कंपन्या, सगळं समजावून सांगतात. ऐकणारा माना डोलावतो आणि शेवटी म्हणतो, “ते ठीक आहे हो, पण तुम्ही शिंकला नसतात तर?”

आता या माणसाला काय इस्त्रीखाली घालायचं?

काका मैदानात पोचले तेही लाँड्रीमुळेच. खेळाडूच्या मागे स्टिकांची पिशवी घेऊन फिरणारा कॅडी असतो, आणि त्याच्या अंगात एक बिनबाह्यांचं जाकीट असतं. त्या जाकिटाच्या पाठीवर खेळाडूचं नाव. स्पर्धेतली ही जाकिटं रोज संध्याकाळी काकांकडे धुवायला यायची आणि सकाळी कडक इस्त्री होऊन मैदानात जायची. एका सकाळी काका गठ्ठा घेऊन गेले, तर शेवटच्या होलवर पाटी धरणारा माणूस आलाच नव्हता. तिथल्या मॅनेजरने काकांच्या हातातून गठ्ठा घेतला आणि पाटी दिली. लांब दांड्याची पाटी, वर मोठ्या अक्षरात ‘शांतता’. खेळाडू चेंडूपाशी वाकला की पाटी वर करायची, टोला मारून झाला की खाली करायची. बस्स.

आणि काय सांगू, काकांना ते काम इतकं आवडलं! दुकानात ज्यांचं तोंड मिटत नाही, घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्या काकांनी नुसता हात वर केला की हजारो माणसं चिडीचूप. पानाचा आवाज ऐकू यायचा. मग दरवर्षी पाटी काकांकडेच आली. त्या आठवड्यात ते दुकान काकूंवर टाकायचे, स्वतःचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे आणि शेवटच्या होलवर, दोरीच्या आत, आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहायचे. खेळाडूच्या पाठीमागे. समोर उभं राहून त्याचं लक्ष उडवायचं नाही, एवढी अक्कल काकांना होती.

गावाचा लाडका खेळाडू म्हणजे डावखुरा. सगळे उजव्या हाताचे, हा एकटा डावा. त्याने गावात दोनदा स्पर्धा जिंकली होती. टायरवाल्यांच्या शेवटच्या वर्षी तो तिसऱ्यांदा जिंकणार, हे पक्कं होतं. शेवटचा होल, चेंडू झेंड्याजवळ येऊन पडलेला, हातभर अंतर. दुकानातल्या मांजराने पंजा मारला असता तरी चेंडू आत गेला असता. काकांनी पाटी वर केली. सगळीकडे शांत.

आणि गवत सकाळीच कापलेलं होतं. काकांच्या नाकात हुळहुळलं.

काकांनी दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरलं. श्वास कोंडला. डोळ्यांतून पाणी आलं, कानात दडे बसले, डोक्यात घंटा वाजायला लागली, पण काकांनी शिंक सोडली नाही. चेंडू निघाला. चेंडू भोकाच्या कडेवरून गेला आणि पलीकडे जाऊन थांबला. तेव्हा, तो थांबल्यावर, त्याच्या आधी नाही, काकांचा धीर सुटला आणि शिंक आली. आली ती साधी नव्हती. इतका वेळ कोंडलेली, तोफेसारखी आली. हातातली पाटी जाऊन डाव्या बाजूच्या बाईच्या छत्रीवर पडली.

गर्दीने काय पाहिलं? चेंडू चुकला आणि शिंक आली. कुणी कुणाला विचारलं, ‘काय झालं?’ तर पुढचा म्हणाला, ‘तो लाँड्रीवाला शिंकला.’ झालं! मैदानाच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर क्रम उलटला होता. आधी शिंक, मग चेंडू. पुढच्या वर्षी डावखुरा आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी स्पर्धाच नव्हती, आणि काकांना नाव पडलं ते आजतागायत. मुलीला शाळेत ‘शिंकेची पोर’ म्हणायचे. काकू बाजारात ‘शिंकेकाकू’ झाल्या.

“आधी चेंडू, मग शिंक!” काका कानीकपाळी ओरडून सांगत राहिले. औषधवाल्याला सांगितलं, मुलीच्या मास्तरांना सांगितलं, जावयाला तर लग्नाच्या बोलणीतच सांगितलं. काकूंना किती वेळा सांगितलं याचा हिशेबच नाही. काकू त्या दिवशी दुकान बंद करून आल्या होत्या आणि दोरीमागे लांब उभ्या होत्या, त्यांना पुढची डोकी दिसत होती आणि फक्त शिंक ऐकू आली होती. त्या म्हणायच्या, “आली तर आली हो. माणसाला शिंक येतेच. जाऊ द्या.” एकदाही म्हणाल्या नाहीत की, ‘नसेल आली.’ काकांना गावाच्या चेष्टेपेक्षा ही माफीच जास्त टोचायची. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन माणसाने करायचं काय?

असंच चाललं असतं, पण यंदा मैदानावरच्या जुन्या क्लबाला काय आठवण झाली, कोण जाणे. मैदानाचं अर्धं पार्क झालंय, उरलेल्यात हौशी लोक खेळतात, पण क्लबाची बैठी इमारत तशीच आहे. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी दर्शनी भिंतीवर स्पर्धेचा इतिहास रंगवून घ्यायचं ठरवलं. काका पडदे पोचवायला गेले, तर पेंटर शिडीवर. साबणवाले, टायरवाले, सगळं झकास आलं होतं. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘आणि एका शिंकेने इतिहास बदलला.’

काकांनी पडदे तिथेच टाकले.

“बाई, हे पुसा.”

“अहो काका, ही तर सगळ्यात मजेची ओळ आहे! लोक इथे उभे राहून फोटो काढतील.”

“मजा तुमची. माझी नातवंडं उद्या इथे येतील आणि आजोबांचा पराक्रम वाचतील. भिंतीवर रंगवताय तुम्ही! आत्तापर्यंत नुसतं तोंडी होतं. तोंडी बोलणारे मरतील तरी एक दिवस. भिंत कशी मरायची?”

“पण झालं होतं ना तसं?”

“आधी चेंडू, मग शिंक!” काका इतक्या जोरात ओरडले की पेंटरच्या हातातला ब्रश निसटला.

बाई तशा वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “असं करू. रविवारी भिंतीचं उद्घाटन आहे, आणि डावखुरे स्वतः येणार आहेत. त्यांनाच विचारू. ते म्हणाले की शिंकेमुळे चुकलं नाही, तर तिथल्या तिथे ओळ पुसून टाकते. पेंटरला थांबवून घेते.”

आता काकांची झोप उडाली. म्हणजे तो येणार! जगात एकच माणूस होता, ज्याने चेंडू मारला होता आणि ज्याला माहीत होतं की मारताना शिंक ऐकू आली की नाही. काका आठवडाभर इस्त्री करता करता त्याच्याशी बोलत राहिले. दोन शर्ट करपले. काकू म्हणाल्या, “नका हो इतकी आशा धरू. म्हातारा झाला असेल तोही. त्याला कुठलं आठवतंय?”

“सगळं आठवत असेल! आयुष्यातला हातभर अंतराचा टोला चुकला त्याचा!”

“मग मुद्दाम आठवण कशाला करून द्यायची? जाऊ द्या.”

“पुन्हा ‘जाऊ द्या’ म्हणालीस तर मी रविवारी एकटा जाईन,” काका म्हणाले. अर्थात रविवारी दोघेही गेले. काकांनी जुना पांढरा शर्ट काढला होता. पोटावर ताणला जात होता, पण इस्त्रीला नाव ठेवायला जागा नव्हती.

हॉल भरला होता. औषधवाला पहिल्या रांगेत. तो चुकवेल कसा? डावखुरा आला तो काठी टेकत. गुडघे गेलेले, पोट सुटलेलं, पण हसणं तेच. सेक्रेटरीबाईंनी त्याला भिंतीपाशी नेलं. त्याने सगळा इतिहास वाचला. टायरमधून तोंड काढलेलं स्वतःचं चित्र पाहून पोट धरून हसला. मग शेवटच्या ओळीपाशी आला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“ही शिंक कुणाची?” त्याने विचारलं.

हॉलमधल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या. ते पुढे झाले.

“साहेब, मी तो. पाटी धरणारा. खरं काय ते एकदा सांगा या लोकांना. तुम्ही चेंडू मारला तेव्हा शिंक आली होती का?”

डावखुऱ्याने काकांकडे पाहिलं. मग जवळ येऊन पाहिलं. मग काठीवरचा एक हात सोडून त्याने काकांच्या खांद्यावर थाप मारली. “अरे! लाल तोंड! तुम्हीच ते लाल तोंडवाले!”

“शिंक आली होती का?” काका हट्टाने म्हणाले.

“छे! कसली शिंक? चेंडू मारेपर्यंत चिटपाखरूही बोललं नव्हतं.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. काकांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांचं ओझं पायांतून जमिनीत उतरत चाललंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकू उठून उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर हात ठेवून. इथेच जर डावखुरा थांबला असता! पण नाही. माणसाला एकदा बोलायला लावलं की तो बोलतोच.

“शिंक आली असती तर बरं झालं असतं,” डावखुरा म्हणाला.

“काय?”

“अहो, आवाज झाला की आम्ही बाजूला होतो. लोक हसतात, आपणही हसतो, पुन्हा पहिल्यापासून नेम धरतो. मी आयुष्यात कितीतरी शिंका ऐकल्या आणि चेंडू आत घातले. पण त्या दिवशी मी शेवटचं वर पाहिलं, तर समोर तुम्ही. एका हातात पाटी, एका हातात नाक, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, तोंड टोमॅटो! आणि आवाज काही येईना. मला वाटलं, आता येईल, मग मी थांबेन. आता येईल. येतेच आहे! माझं सगळं लक्ष तुमच्या नाकावर. चेंडू कधी मारला, मला कळलंही नाही.”

“पण… पण मी तर पाठीमागे उभा होतो!” काका कसेबसे म्हणाले. “कायम पाठीमागेच उभा राहायचो!”

“बाकीच्यांच्या,” डावखुरा म्हणाला. “मी डावा ना? मी चेंडूच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो. सगळ्यांची पाठ तुमच्याकडे असायची, माझं तोंड असायचं. दरवर्षी तुम्ही माझ्या समोरच. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. इथे आलो की मला पहिले तुम्हीच दिसायचात. दोनदा जिंकलो तेही तुमच्याचकडे बघत.”

काकांची नजर कायम चेंडूवर, त्यामुळे हे मात्र त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दरवर्षी ज्याच्या समोर छाती काढून उभे राहिले, त्याच्या पाठीमागे आहोत असं समजत होते! कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग जो हशा उठला तो काही थांबेना. औषधवाला तर खुर्चीवरून घसरला.

सेक्रेटरीबाईंनी डोळे पुसत विचारलं, “काका, मग आता काय लिहायचं?”

“तुम्हाला हवं ते लिहा!” काका कडाडले. “शिंक लिहा, नाक लिहा, टोमॅटो लिहा! शिंकलो असतो तरी मेलो, नाही शिंकलो तरी मेलो!” आणि ते हॉलबाहेर पडले.

काकू मागून आल्या. काका वाट बघत होते की आता त्या हसतील, नाहीतर ‘जाऊ द्या’ म्हणतील. कोपऱ्यावर त्यांच्याच्याने राहवेना. “हस ना! हस एकदाची! सगळं गाव हसलं.”

काकू हसल्या नाहीत. “म्हणजे तुम्ही खरंच नव्हता शिंकलात,” त्या म्हणाल्या.

“मग इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होतो?”

घरी आल्यावर काकूंनी गरम चहा काकांच्या पुढ्यात ठेवला आणि उगाचच कपाटातले हँगर आवरत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. काकांनी इस्त्री तापत ठेवली आणि ती पुरती तापायच्या आत शेजारचं शटर वर गेलं. औषधवाला आज घरातले कपडेही घेऊन आला होता. इतक्या आनंदात माणूस रिकाम्या हाताने येईल कसा? त्याने गठ्ठा काउंटरवर ठेवला, नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले, डोळे मोठ्ठे केले आणि तसाच उभा राहिला. रात्रभर नवीन विनोद घोटवून आणला होता पठ्ठ्याने. मग श्वास सोडून म्हणाला, “काय दाबेकाका! काल तर कमाल झाली! म्हणजे शेवटी स्पर्धा तुमच्याच नाकाने…”

काकांनी इस्त्री उचलली. आता ती आपटायची, एवढंच बाकी होतं.

मागच्या खोलीचा पडदा सरकला. काकू बाहेर आल्या, थेट काउंटरपाशी. काका मनात म्हणाले, आलंच आता ते ‘जाऊ द्या’.

काकूंनी औषधवाल्याचा गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “आधी चेंडू, मग शिंक. कळलं? माझा नवरा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. शर्ट परवा मिळतील. निघा आता.”

औषधवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला, मग मुकाट्याने गेला.

काकांनी समोरच्या शर्टाची बाही सरळ केली, तिच्यावरून इस्त्री फिरवली आणि मग त्याच बाहीवरून पुन्हा एकदा फिरवली.